जिन्यातून थेट आत

आमच्या शेवटच्या वर्षाच्या गेममध्ये शत्रू एकच आहे आणि तो माझा बाप आहे. म्हणजे तसं कुठे जाहीर केलेलं नाही. पडद्यावर दिसतो तो कोणीही एक बाप. करडी पँट, हातात हत्यारांची पिशवी, चेहरा जवळजवळ नाहीच. चेहरा नाही, कारण तो काढायला गोगलगायीला वेळ मिळाला नाही. गोगलगाय म्हणजे माझी प्रोजेक्टमधली जोडीदार. चित्रं सगळी तिची, प्रोग्रामिंग सगळं माझं. सुरुवातीचे कितीतरी आठवडे तिने नुसता सोफा काढला. सोफा अप्रतिम आहे, माझं काही म्हणणं नाही, शिवणीसुद्धा दिसतात. फक्त आख्ख्या गेममध्ये त्याच्यावर कोणी बसत नाही.

गेम साधा आहे. घरात दोन भावंडं एकटी, बाप कामावर, टीव्हीला जुना व्हिडिओ गेम जोडलेला. बाप यायच्या आत त्या आतल्या गेमचा एक टप्पा पार करायचा, टीव्ही बंद करायचा, पंख्याने त्याची पाठ गार करायची आणि पुस्तक उघडून बसायचं. बाप येतो, इकडेतिकडे बघतो आणि टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवतो. गरम लागली की वायर काढून पिशवीत, खेळ खलास. गार लागली की दुसरा दिवस. असे सहा दिवस जो टिकला तो जिंकला.

यात माझ्या प्रतिभेचा काही संबंध नाही. लहानपणी दादा आणि मी हेच करायचो. बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करतात, आणि लिफ्ट कधी अडकेल याला वेळापत्रक नसतं, त्यामुळे बाबा कधी येतील यालाही नसायचं. दादा टीव्हीच्या पाठीला टेबलफॅन लावायचा, मी पुठ्ठ्याने वारा घालायचे. एवढी सेवा आम्ही आजारी आजीचीसुद्धा केली नाही. तरी बाबा यायचे, हात लावायचे आणि एक शब्द न बोलता वायर काढून न्यायचे. ओरडले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. मला त्यांचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो, उगाच कशाला लपवू?

आणि याच माणसाला मी बारावीनंतर सांगितलं की मला विद्यापीठात गेम प्रोग्रामिंग शिकायचंय. ते चहा ढवळतढवळत म्हणाले, "बघ बाई." शेजारच्या काकू विचारतात, मुलगी काय करते? बाबा सांगतात, गेम. काकू विचारतात, आणि शिकते काय? बाबा सांगतात, तेच.

आमच्या विभागात प्रोजेक्ट पास करायची एक पद्धत आहे. तिला मूक चाचणी म्हणतात. गेम कधीही न पाहिलेली पाच माणसं बाहेरून आणायची. ती एकेक करून खेळतात. प्रत्येकाला तीन डाव. बनवणाऱ्यांनी मागे उभं राहायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. "डावीकडे जा" नाही, "अहो ते बटण" नाही, सुस्कारासुद्धा नाही. कारण गेम विकल्यावर तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाऊन मागे उभे राहणार आहात का? हे सरांचं वाक्य. पाचातल्या एकाने तरी शेवट गाठला पाहिजे. नाही गाठला तर प्रोजेक्ट अपूर्ण. मग दुरुस्तीला एक आठवडा, आणि तेव्हाही नाही जमलं तर वर्ष पुन्हा. माझ्यासारख्या तोंडाळ मुलीला गप्प उभं करणं हीच एक शिक्षा आहे, नापास करणं हा वरचा मसाला.

सरांनी मला आधीच बजावलं होतं. "तुझा बाप फार लवकर येतो. त्याला जरा उशिरा आण. एक आकडा बदलायचाय फक्त."

"सर, तो असाच यायचा."

"कोण?"

"बाप. कोणाचाही. सर्वसाधारण."

"खेळणाऱ्याला संधी नको?"

"आम्हाला कुठे होती? मी खोटं घालणार नाही."

सर म्हणाले, "पडलं तरी नाक वर." गोगलगाय म्हणाली, बदल ना एक आकडा, काय जातंय. मी म्हटलं, तू सोफ्याच्या शिवणी बदलतेस का? सत्याची बाजू घेतली की माणसाला जो माज चढतो तो मला चढला होता.

चाचणीच्या दिवशी पहिली आली ग्रंथालयातली बाई. गेममधल्या पहिल्याच दिवशी तिची वायर गेली. तिन्ही डाव. मग रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी दुसऱ्या दिवसापर्यंत पोचला आणि आपण नोबेल मिळवल्यासारखा मागे वळून हसला. मग पहारेकरी, मग झेरॉक्सवाला. झेरॉक्सवाला तर म्हणाला, "हा काय बाप आहे का भूत?" मी मूग गिळून उभी. चौघं गेले होते, एकच उरला होता, आणि वर्ष पुन्हा करायचं म्हणजे हाच वर्ग, हेच सर, आणि काकूंना सांगायला बाबांकडे "तेच, पुन्हा."

पाचवी यायची होती कँटीनवाली. तिने निरोप धाडला की गल्ला सोडून येता येत नाही. तेवढ्या वेळात मी एक काम केलं. शत्रूच्या डोक्यात काय चाललंय ते कळावं म्हणून आम्ही प्रोग्रामर लोक त्याच्या डोक्यावर एक पाटी तरंगत ठेवतो. आत्ता त्याची कुठली अवस्था चालू आहे ते तिच्यावर लिहून येतं; तो घराबाहेर असला की ती पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते. बाहेरच्या माणसासमोर ती पाटी बंद ठेवायची असते. चौघं आपटल्यावर मला शंका आली की शत्रूच बिघडलाय की काय, म्हणून मी पाटी चालू करून बघितली. शत्रू ठणठणीत होता. एवढ्यात दारातून आवाज आला, "चार्जर विसरलीस."

बाबा. कामाच्या कपड्यांत, हातात माझा चार्जर.

सर खुर्चीतून उठलेच. "तुम्ही या विभागातले नाही ना?"

"नाही हो. मी लिफ्टवाला."

"हा गेम पाहिलाय कधी?"

"मला कोण दाखवतंय?"

"बसा."

आईबापांना बसवू नये असा नियम नव्हता. नियम करणाऱ्याला इतकी वाईट वेळ सुचलीच नसणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी ओठांवर बोट ठेवलं. खेळणारा बसला की बनवणारा मुका. आणि तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात मला ती दिसली. पाटी. चालूच राहिली होती. माझ्या प्रोग्राममध्ये शत्रूचं नाव शत्रू नाही, मी कशाला खोटं नाव देऊ? पाटीवर लिहिलं होतं, "बाबा : कामावर".

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. आधी त्यांनी गेममधल्या मुलाला सोफ्यापाशी नेलं. "सोफा चांगला काढलाय," ते म्हणाले. गोगलगायीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी टीव्ही लावला, जरा खेळले, आणि पाटी बदलली. जिना अंधारा आहे, खेळणाऱ्याला तिथला बाप दिसत नाही, पण पाटी दिसते. बाबांनी मोठ्याने वाचलं, "बाबा, जिन्यात." मग, "बाबा, आत." मग तळहात टीव्हीच्या पाठीवर, "बाबा, संशय." मग वायर पिशवीत. "बाबा, राग."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो.

दुसरा डावही ते हरले. तिसऱ्या डावात त्यांनी बटणं दाबलीच नाहीत. हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवून ते नुसत्या पाट्या वाचत बसले. वायर गेल्यावर सरांना म्हणाले, "जिन्यातून थेट आत कसा येतो हा?"

"म्हणजे?" सर म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मुकी. "काही नाही," म्हणून ते उठले. सरांनी "अपूर्ण" लिहिलं आणि पुढचा शुक्रवार दिला.

मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत धावले. लिफ्ट चालू होती, पण बाबा काम नसताना लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत.

"माझंच नाव घातलंस," ते म्हणाले.

"तुम्हाला दिसायला नको होतं ते."

"राग बरोबर दाखवलायस. संशयही बरोबर."

"मग चुकलं काय? आमचं वर्ष जायची वेळ आलीय, जे काय आहे ते सांगा ना एकदाचं!"

ते दोन पायऱ्या उतरले आणि कठड्याला टेकले. "मी दाराशी उभा राहायचो की."

"कशाला?"

"तुम्ही दोघं आत हसत असायचात. खिंकाळायचात अगदी. मी आत आलो की ते बंद व्हायचं."

अडलं की मी भांडते. "मग वायर कशाला काढून न्यायचात?"

"बाप होतो ना. तेही कोणीतरी करायला पाहिजे."

"आणि हे सांगितलं का नाही कधी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दार उघडून बघत बसला असतात. मग कुठलं हसणं?" असं म्हणून ते पुढच्या लिफ्टच्या कामाला निघून गेले. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन भरपूर रडले. इतकी वर्षं एका माणसावर व्यवस्थित रागावून राहावं आणि त्याने एका वाक्यात सगळं विसकटून टाकावं, हा काय न्याय झाला?

मग बसले कामाला. जिन्यात आणि आत यांच्यामध्ये मी एक नवी अवस्था घातली, "दाराशी". नियम असा की घरातून हसण्याचा आवाज येतोय तोवर बाप बाहेर उभा राहील. हसू गोगलगायीचं आणि माझं घेतलं. ती हसतानाही सावकाश हसते, ते दोनदा घ्यावं लागलं. खेळणाऱ्याला आता चिक्कार वेळ मिळत होता, आणि एक आकडासुद्धा खोटा नव्हता. मी खूश.

बुधवारी सरांनी पाहिलं. गोगलगाय खेळत होती. तिने टप्पा पार केला, भावंडं हसली. तिने पुन्हा पार केला, पुन्हा हसली. हसू संपेना. पाटीवर "बाबा : दाराशी", आणि पाटी बदलायचं नाव नाही. आम्ही चहा पिऊन आलो तरी बाबा दाराशीच.

"हा तर आत येतच नाही," सर म्हणाले. "शत्रूच आला नाही तर गेम कसला? काहीतरी मर्यादा घाल."

"किती घालू?"

"घाल काहीतरी अंदाजे."

अंदाजे मी घालणार नव्हते. आता तर नाहीच. मी बाबांना फोन लावला. ते कुठल्यातरी लिफ्टच्या डोक्यावर होते, आवाज घुमत होता.

"बाबा, आम्ही हसायचं थांबलोच नाही तर? मग आत कधी यायचात?"

"हे विचारायला फोन केलास?"

"मार्कांचा प्रश्न आहे, सांगा."

"पाय दुखायला लागले की यायचो."

"म्हणजे किती वेळाने?"

"घड्याळ लावून उभा राहत होतो का मी? आधी आधी बराच वेळ लागायचा. नंतर लवकर दुखायला लागले." मग कोणालातरी ओरडून म्हणाले, "अरे, खालचं दार धर," आणि मला, "ठेवतो."

मी फोन बाजूला ठेवला. मग प्रोग्राम उघडला. पहिल्या दिवशी बाप दाराशी खूप वेळ उभा राहतो. दुसऱ्या दिवशी त्याहून थोडा कमी. तिसऱ्या दिवशी अजून कमी. सहाव्या दिवशी जिना चढून येतो, जरासाच टेकतो, आणि मुलं कितीही हसत असली तरी आत येतो. हे आकडे भरताना मी प्रत्येक आकडा दोनदा खोडला, ते गोगलगायीने बघितलं आणि पहिल्यांदाच काही न सांगता माझ्यासाठी चहा घेऊन आली.

शुक्रवारी कँटीनवाली गल्ला बंद करून आली. पहिले दोन दिवस तिने हसतहसत काढले. चौथ्या दिवशी पुढे सरकून बसली. सहाव्या दिवशी पंखा टीव्हीच्या पाठीला लावून तोंडाने "ये, ये, आता ये" म्हणत होती, आणि बापाचा तळहात गार पाठीवर पडला तेव्हा तिने टेबलावर असा हात आपटला की माउस खाली पडला. एवढं एकच माणूस पुरे होतं. सरांनी "उत्तीर्ण" लिहिलं आणि पेन तसंच हातात धरून पडद्याकडे बघत राहिले.

"अवघडपणा फार छान वाढवलायस," ते म्हणाले. "रोज थोडा थोडा, खेळणाऱ्याला कळतही नाही. एरवी कोणाला सांगून जमत नाही हे. कसं काय केलंस?"

मला प्रोग्राम समजावून सांगायचा होता. तोंडातून निघालं ते एवढंच, "सर, बाबांचे पाय दुखतात."

सरांना वाटलं, मी घरी जायची परवानगी मागतेय. "मग जा ना," ते म्हणाले, "इथे कशाला थांबलीस?"

मी गेले.