नको नाही, हो
माझी ताई हवामान खात्यात उपकरणं दुरुस्त करते. वारा मोजायच्या वाट्या अडकल्या, पावसाचं मापक गळायला लागलं, की ती बॅग भरते आणि जिथे माणूस वाट चुकूनसुद्धा जाणार नाही अशा ठिकाणी जाऊन पोचते. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. बाबा म्हणतात, भिंगरी एका जागी तरी फिरते.

आणि डिंक. डिंक आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडच्या छापखान्यात पुस्तकं बांधतो. नाव बाबांनी ठेवलं. त्याच्या हाताला कायम डिंकाचा वास येतो, आणि आमच्याकडे बसला की तो सुटत नाही. त्याला हे नाव ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. चार वर्षं तो येत होता, चहा पीत होता, ताईकडे बघत होता आणि हवापाण्यावर बोलत होता. त्याला काय विचारायचंय हे आम्हा तिघांना माहीत होतं, ताईला माहीत होतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही माहीत होतं. पण स्वारी मिठाची गुळणी धरून बसलेली.

ही गुळणी सुटली त्या मंगळवारी, तीसुद्धा बस सुटल्यावर. ताई पठारावरच्या चार नंबरच्या स्टेशनाला निघाली होती, हा पोचवायला गेला होता. बस हलली, आणि याला कंठ फुटला. खिडकीशेजारून पळत पळत ओरडला, "माझ्याशी लग्न करशील का?"

ताई खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि ओरडली, "नको पळूस, पडशील! हो! हो! हो!"

बसवाल्यानं नेमका "नको"नंतर हॉर्न दाबला.

ताई उरलेला रस्ताभर एकटीच हसत होती. शेजारच्या बाईंनी घाबरून जागा बदलली. दुसऱ्या दिवशी बस संपली आणि खात्याची जीप सुरू झाली. शेवटच्या गावात चहाला थांबले तेव्हा फोन एकदाच थरथरला. डिंकचा निरोप होता.

"तुझं नको ऐकलं. रागावलो नाहीये. त्या लांबच्या छापखान्याला शनिवारी माझा होकार कळवतो. दोन वर्षांचं काम आहे. जपून राहा."

"गाढवा!" ताई किंचाळली. जीपवाल्याच्या हातून बशी निसटली.

तिनं लगेच उत्तर लिहिलं, पण ते जाईना. ती बाकावर चढली. जीपच्या टपावर चढली. हात वर करून गोल फिरली.

"उतरा ताई," जीपवाला म्हणाला. "इथलं नेटवर्क पाहुण्यासारखं आहे. न कळवता येतं आणि चहासुद्धा न घेता जातं."

"परत कधी येईल?"

"मागच्या खेपेला आठ दिवसांनी आलं होतं."

तो थांबायला तयार नव्हता. तिला सोडून त्याला पठार ओलांडून पलीकडे जायचं होतं, परतायला अकरा दिवस. गुरुवारी दुपारी ताई चार नंबरला उतरली तेव्हा तिचं नाक उन्हानं लाल झालेलं आणि कान रागानं.

चार नंबर म्हणजे दगडी दोन खोल्या, अंगणात उपकरणं, आणि सव्वीस वर्षं तिथे नोंदी घेणारे एक काका. कानटोपी घातलेले, मोजकं बोलणारे. बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध एका वायरलेस सेटपुरता. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ते तापमान, वारा, पाऊस वाचून दाखवायचे. चार नंबरचं तीन नंबर ऐकायचं, तीनचं दोन, दोनचं एक, आणि एक नंबर ते शहरातल्या मुख्य कचेरीला पोचवायचं. मध्ये डोंगर असल्यामुळे शेजारच्या स्टेशनापलीकडे कुणाचं कुणाला ऐकू जायचं नाही.

"काका, एक निरोप पाठवायचाय," ताईनं पाठीवरची बॅग न उतरवताच सांगितलं.

"वायरलेसवर फक्त हवामान."

"फार महत्त्वाचं आहे हो."

"जिवाला धोका असेल तरच. नियम अकरा."

"जिवाला धोका आहे."

"कुणाच्या?"

"त्याच्या. परत गेले की मी त्याचा गळा दाबणार आहे."

काकांनी तिला नीट न्याहाळलं. मग स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला आणि म्हणाले, "पहिल्यापासून सांग." ताईनं सांगितलं. चार वर्षं, बस, हॉर्न, शनिवार, सगळं.

"मुलगा नुसतं चिकटवतो, की टाकेही मारतो?"

"टाके मारतो. हातानं."

"मग बरा आहे." काकांनी नोंदवही उघडली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, शेरा. खाली पानोपानी एकच शब्द, निरंक. "हवामानाबरोबर शेरा वाचायची परवानगी आहे. मला कधी गरज पडली नाही. मोजके शब्द सांग, बॅटरी दमते."

ताईनं सांगितलं ते काकांनी लिहून घेतलं, आणि पाचच्या ठोक्याला घसा साफ करून वाचलं. "तापमान चार. वारा नैऋत्येकडून बावीस. पाऊस शून्य. शेरा. डिंकला निरोप. नको नाही, हो."

तीन नंबरला एक नवरा-बायको असतात. सेटवर बायको होती. "काका, शेरा? तब्येत बरी आहे ना?" तिनं विचारलं, पण लिहून घेतलं आणि शब्दन् शब्द पुढे दिला. घोटाळा दोन नंबरला झाला. तिथले गृहस्थ अतिशय सज्जन. इतके, की प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'हो' लावल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. त्यांनी वाचलं, "तापमान चार हो. वारा बावीस हो. पाऊस शून्य हो. डिंकला निरोप आहे हो. नको, नाही हो."

सहाच्या सुमारास आमच्या घरचा फोन वाजला. कचेरीतल्या वायरलेसवाल्या बाई होत्या.

"तुमच्या ताईच्या स्टेशनाहून शेरा आलाय. डिंक तुमच्याकडचंच का? माणूस आहे की सामान?"

"माणूस आहे," मी म्हटलं. "म्हणजे, तसा माणूसच."

"मग लिहून घ्या. नको, नाही हो."

मी कागद घेऊन छापखान्यात पळाले. डिंक एका जाड पुस्तकाची पाठ शिकंज्यात घट्ट करत होता. त्यानं शांतपणे ऐकलं आणि मग कागदांच्या गठ्ठ्यावर बसला.

"एकदा ऐकलं होतं ना मी," तो म्हणाला. "परत कशाला कळवायचं? तेही एवढ्या उंचावरून? नको म्हणाली, वर नाही हो म्हणाली. केवढ्या आदरानं!"

मी त्याची समजूत काढायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

"काय म्हणालास? आदरानं?"

"'नाही हो' म्हणाली ना."

"डिंक, ताईनं तुला आयुष्यात कधी अहो-जाहो केलंय?"

त्यानं विचार केला. "नाही. गाढवा म्हणते. फार प्रेमात असली तर मूर्खा."

"मग ती तुला 'नाही हो' कशी म्हणेल? तो 'हो' तुला मारलेली हाक नाही. तो होकार आहे! नको नाही. हो!"

डिंक उठला. परत बसला. परत उठला. त्याच्या चेहऱ्यावर अशी काही चमक आली की छपाईचे खिळे जुळवणारे आजोबासुद्धा चष्मा वर करून बघायला लागले. पण हा पडला सावध माणूस. पान चिकटवायच्या आधी चारदा जुळवून बघणारा. "आणि तसं नसलं तर?" तो म्हणाला. "विचारून खात्री करायला हवी."

शुक्रवारी सकाळी पावणेआठला आम्ही दोघं कचेरीत हजर. लांबलचक टेबल, भिंतभर नकाशे, कोपऱ्यात सेट आणि सेटपुढे कानाला हेडफोन लावलेल्या बाई. त्यांना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "आता तर मलाही झोप लागायची नाही."

पण आठ वाजता तीन नंबर बोलेचना. वर दाट धुकं होतं, उन्हावर चालणारी बॅटरी चार्ज झाली नव्हती. म्हणजे आता संध्याकाळी पाच. नंतरची वेळ थेट शनिवारची.

डिंक घरी जाईना. चिकटलाच तो. हाताला चाळा म्हणून त्यानं खिशातून सुई-दोरा काढला आणि कचेरीतली फाटकी रजिस्टरं शिवायला घेतली. दुपारपर्यंत सात झाली. तेवढ्यात साहेब आले.

"हे कोण?"

"शेऱ्यातले, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब डिंककडे बघत राहिले. "चार नंबरचा शेरा ऐकून काल मला वाटलं होतं, डोंगर कोसळला," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून आमच्याजवळ बसले. "काय ठरलं मग?"

पाचला आकाश मोकळं होतं. चारही स्टेशनांचं हवामान घाईघाईनं आलं. बाईंनी लगेच विचारलं, "मुख्य कचेरीकडून चार नंबरला. शेऱ्याचा खुलासा हवा. होकार की नकार? एका शब्दात." प्रश्न निघाला. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. आम्हाला नुसती खरखर ऐकू येत होती. साहेबांनी एक अख्खं बिस्किट न चावता गिळलं. डिंकनं टाका घातला तो स्वतःच्या बाहीला.

वर काय झालं ते ताईनं नंतर सांगितलं. प्रश्न पोचला तेव्हा ती अंगणात शिडीवर होती, हातात वाऱ्याची वाटी. काकांनी दारातून हाक मारली, "खुलासा मागितलाय!" तिनं तिसऱ्या पायरीवरून उडी मारली आणि काकांच्या हातातून माइक अक्षरशः हिसकावला. नियम अकरा, नियम बारा, सगळे वाऱ्यावर.

एक नंबरवाला बोलायला लागला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. "चार नंबरचा खुलासा. होकार. होकार. होकार. आणि पुढे आहे, गाढवा."

"कुणाला, मला?" साहेब दचकले.

"नाही, मला!" डिंक ओरडला. "मला म्हणाली! मला गाढव म्हणाली!" इतक्या आनंदानं हे वाक्य त्या कचेरीत आजवर कुणी उच्चारलं नसेल. तो उठला तेव्हा बाहीला शिवलेलं रजिस्टरही त्याच्याबरोबर उठलं. त्यानं बाईंचे हात हातात घेतले, मला उचललं, आणि साहेबांना अशी मिठी मारली की त्यांच्या कोटावर डिंकाचा पंजा उमटला.

सेट अजून बोलत होता. "तीन नंबरकडून अभिनंदन. आमचंही वायरलेसवरच जमलं होतं, पण ते नवऱ्याला आठवत नाही." मागून नवऱ्याचा आवाज म्हणे येत होता, "आठवतं, आठवतं!" दोन नंबरचे गृहस्थ म्हणाले होते, "फार आनंद झाला हो." आणि चार नंबरच्या काकांचा वेगळा निरोप होता, "मुलगी शिडीवरून उडी मारते. सांभाळून घेणे."

"उत्तर द्या ना बाई, उत्तर द्या!" डिंक म्हणाला.

"काय देऊ?"

चार वर्षं हवापाण्यावर बोललेला माणूस आता बाहीच्या रजिस्टरासकट टेबलाभोवती नाचत सुटला. शेवटी बाईंनीच बटण दाबलं आणि सांगितलं, "कचेरीकडून चार नंबरला. गाढव नाचतंय." तेवढ्यात वरच्या बॅटऱ्या संपल्या.

मग त्या लांबच्या छापखान्याला नकार कळवायचा होता. डिंकनं कचेरीच्या फोनवरूनच नंबर लावला. पलीकडून मालकांनी विचारलं, "मग, येताय ना?" आणि हा म्हणतो, "हो! हो! हो!" मी फोन हिसकावला नसता तर दोन वर्षं तिकडेच खळ कालवत बसला असता. मी मालकांना सगळं समजावलं. ते म्हणाले, "असा माणूस नकोच मला, पुस्तकं उलटी बांधेल," पण ते हसत होते.

आम्ही घरी गेलो. डिंकनं दारातच आईला वाकून काहीतरी सांगायला सुरुवात केली. "कळलं," आई म्हणाली. "कचेरीतल्या बाईंनी कधीच फोन केला. मी काय चार वर्षं उगाच चहा पाजतेय तुला? बाही फाटलीये, काढ, शिवते." बाबा आत जाऊन परत आले, परत आत गेले, आणि तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांनी सणसणीत शीळ घातली. बाबांना शीळ घालता येते हे मला तोवर माहीत नव्हतं.

जवळजवळ दोन आठवड्यांनी ताई आली. बसस्टँडवर मीही गेले होते. डिंकनं काहीतरी पाठ करून आणलं होतं, ओठ हलत होते. बस थांबायच्या आतच ताईनं उडी मारली, नाकाची सालं निघालेली, केसांत धूळ. तिनं त्याची कॉलर धरली. "नीट ऐक," ती म्हणाली, आणि त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही. डिंकचे दोन्ही कान लालभडक झाले.

मग जे दोघं बोलायला लागले ते एकाच वेळी, एकमेकांचं वाक्य तोडत, हात हलवत. काकांनी काय म्हटलं, साहेबांनी काय म्हटलं, धुकं, रजिस्टर, शिडी. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं आणि दोघांना सगळं कळत होतं. आमची गल्ली आली. दोघं तिच्या तोंडावरून सरळ पुढे निघून गेले. मी हाक मारली नाही. घरी जाऊन आईला एवढंच सांगितलं, की चहा अर्ध्या तासानं टाक.