साहेबाचा चष्मा

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी संध्याकाळी एक खोटा साहेब बसायचा, आणि तो साहेब म्हणजे मावशी. बाहेरच्या मुलखातून आलेल्या ज्या कोणाची परवान्यासाठी मुलाखत असेल, त्याला ती समोर बसवायची, नवऱ्याचा जाड काड्यांचा जुना चष्मा नाकावर चढवायची आणि प्रश्न असे फेकायची की समोरच्याला घाम फुटावा. चष्मा उतरला की पुन्हा मावशी. मग चहा आणि पाठीवर थाप. तिच्यापुढे कचेरीतला खरा साहेब अगदीच गरीब गाय वाटतो, असं मुलाखत देऊन आलेले सगळे सांगत.

मावशीला जाऊन महिना झाला होता. हॉलची किल्ली परत करायला तिची लेक आली, ती नेमकी मंगळवारी.

"बरी सापडलीस," सायरनकाकू म्हणाल्या. चर्चमध्ये त्या गायला लागल्या की रस्त्यापलीकडे ऐकू जायचं, म्हणून हे नाव. त्यांनाही ते आवडायचं. "शुक्रवारी आपल्या गवंड्याची मुलाखत आहे. साहेब कोण होणार?"

"फादर होतील की."

"मी?" फादर खुर्च्या मांडता मांडता थांबले. "एकदा झालो होतो. समोरचा रडायला लागला आणि मी त्याला आशीर्वाद देऊन मोकळा झालो. तुझ्या आईनं पुन्हा त्या खुर्चीच्या आसपास फिरकू दिलं नाही मला."

गवंडी टेबलापलीकडे बसला होता. इस्त्रीचा सदरा, नखांच्या कडेला न निघालेलं सिमेंट. मागे त्याची बायको, तिच्या कडेवर झोपलेलं पोर. बायकोचा परवाना पक्का होता, पोर तर इथलंच. शुक्रवारी नकार आला तर त्याला एकट्याला परत पाठवणार होते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यावर कोणी बोलत नव्हतं.

लेकीनं किल्ली टेबलावर ठेवली. शेजारीच चष्म्याचं घर होतं. महिनाभर त्याला कोणी हात लावलेला नसावा. तिनं चष्मा घातला आणि गवंडी समोरच्या समोर विरघळला. तोंडाच्या जागी एक तपकिरी डाग, सदऱ्याच्या जागी पांढरा. बाबांचा नंबर भलताच होता. म्हणजे आईला यातून समोरच्याचा चेहरा दिसतच नसणार. असं जमवायची तर ती.

लेक साहेबाच्या खुर्चीत बसली. मग घसा साफ करून तिनं सुरुवात केली. नाव, गाव, कोणाबरोबर राहता, काम काय. डागाकडून उत्तरं नीट येत होती.

"आजवर एखादा गुन्हा केला आहे का? पकडले गेला नसाल तरी?"

तपकिरी डाग खाली झुकला. गवंड्यानं हात जोडले होते.

"केलेत," तो हळू आवाजात म्हणाला. "शेजाऱ्याच्या झाडावरचे पेरू चोरले. आईला उलट बोललो. उपास मोडला आणि मोडला नाही म्हणून सांगितलं. सासरे लवकर जावेत असं एकदा मनात आलं—"

"माझे बाबा?" मागून बायको ओरडली. पोर दचकून जागं झालं.

"एकदाच गं! लग्नाच्या आधी!"

"अरे थांब!" फादर हसू दाबत पुढे आले. "हे पापनिवेदनात सांगायचं असतं, शनिवारी, माझ्याकडे. माझी गिऱ्हाइकं सरकारकडे पाठवू नकोस. आणि यातलं निम्मं मला कधी सांगितलंच नाहीस तू!"

"पण ताई, प्रश्न तर तोच आहे," गवंडी कळवळून म्हणाला. "मग नाही म्हणू? खोटं बोलू?"

"खोटं नाही बोलायचं. ते पाप विचारत नाहीत, दादा. कायदा मोडलात का, एवढंच विचारतात."

"असं होय!" त्याचा जीव भांड्यात पडला. "मग साफ नाही. आपण बरं, आपलं काम बरं. मधे परवाना संपला होता, तेव्हासुद्धा घरी बसून नाही खाल्लं."

सायरनकाकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "परवाना संपला होता, तेव्हा?"

"कचेरीनं नवा रखडवला होता ना. इकडे आपल्या बालवाडीची भिंत पडली. मावशींनी बोलावलं, आलो."

लेकीनं चष्मा काढला. आता त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता, आणि त्यावर कसलीही लपवाछपवी नव्हती. "दादा, हा गुन्हा आहे."

"काम करणं?" तो खरोखरच गोंधळला. "काम करणं पाप कधीपासून झालं?"

फादर खुर्चीवर टेकले. "परवाना आहे का, हे आम्ही कोणी विचारलंच नाही. भिंत पडली होती, पोरं उघड्यावर होती. चूक आमचीही आहे."

लेकीनं तिथूनच वकीलबाईंना फोन लावला. त्या चर्चच्या लोकांसाठी अशी प्रकरणं बघत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झाकलंत आणि उद्या उघडं पडलं तर खेळ खलास. विचारायच्या आत आपणहून सांगा. आणि ज्यानं काम दिलं त्यानं शेजारी बसून सांगावं."

"मी जातो," फादर म्हणाले. "दंड झाला तर होऊ दे."

"तुम्ही नको. साहेबांना आशीर्वाद देऊन मोकळे व्हाल," लेक म्हणाली. "मी जाते."

शुक्रवारी कचेरीच्या व्हरांड्यात निम्मं चर्च येऊन बसलं होतं. हीही मावशीचीच रीत: ज्याला जमेल त्यानं धुतलेले कपडे घालून यायचं, काही बोलायचं नाही, नुसतं दिसायचं. सायरनकाकू ओठ मिटून बसल्या होत्या. बिचाऱ्यांचा जीव कासावीस होत असणार.

आत सर्दीनं बेजार झालेल्या एक मॅडम होत्या. गवंडी ताठ बसला, हात गुडघ्यांवर.

"मॅडम, आधी एक सांगायचंय. माझा परवाना संपला असताना मी काम केलं. बालवाडीची भिंत बांधली."

मॅडमनी रुमाल नाकापासून दूर केला. "काम कोणी दिलं?"

"माझ्या आईनं," लेक म्हणाली. "चर्चच्या वतीनं."

"त्या आल्या आहेत?"

"नाही." तिचा आवाज कुठेही हलला नाही. "मी आले आहे. तिनं विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पुढे चर्च विचारेल. हे मी लिहून द्यायला तयार आहे. बाहेर बसलेत तेही देतील."

मॅडमनी काचेतून व्हरांड्याकडे पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"ती भिंत," त्यांनी विचारलं, "आहे अजून?"

"आहे म्हणजे?" गवंड्याचा आवाज चढला. "माझी भिंत आहे ती, मॅडम! हत्ती टेकला तरी हलायची नाही. या तुम्ही, धक्का मारून बघा!"

लेकीनं डोळे मिटून घेतले. हे काही मंगळवारी शिकवलेलं नव्हतं.

मॅडम शिंकल्या, की हसल्या, कोण जाणे. "आपणहून सांगितलंत, तसं नोंदवते. चर्चला समज जाईल." आणि त्यांनी शिक्का उचलला. "परवाना वाढवून दिलाय. पुढचा संपायच्या आत अर्ज करा. आणि तोवर भिंती सांभाळून."

दार उघडलं आणि गवंड्याचा चेहरा बघूनच व्हरांडा उठून उभा राहिला. सायरनकाकूंनी एवढा वेळ कोंडलेला आवाज सोडला, तसा शिपाई धावत आला. बायकोनं पोर नवऱ्याच्या हातात दिलं आणि पदरानं नाही, त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यानंच डोळे पुसले.

"फादर," गवंडी पोर सावरत म्हणाला, "एक पाप झालं आत. माझी भिंत म्हणताना फार गर्व झाला."

"शनिवारी ये. आणि येताना सासऱ्यांचंही घेऊन ये."

लेकीनं पर्समध्ये हात घातला. चष्म्याचं घर होतं, आणि त्याच्याखाली हॉलची किल्ली. मंगळवारी निघताना तिनं ती टेबलावरून उचलली होती, परत केलीच नव्हती.

"काकू," तिनं विचारलं, "या मंगळवारी कोण आहे?"