अर्धी वेणी

भाताचा रोवणा आटोपला की लावणीच्या शेवटच्या बांधीत बाया एकमेकींना चिखलात लोळवतात, ही आसगावची जुनी रीत. मालकीणसुद्धा सुटत नाही. रागावेल ती रोवणारी कसली!

त्या दिवशी मंगलाबाईनं बायजाबाईचा हात धरला. दोघी तीस वर्षांच्या जोडीदारणी, शेजारी शेजारी वाकून पऱ्हे लावणाऱ्या. बायजा म्हणाली, "नोको ओढू वं मंगला. आज नाई. माई कंबर भरून आली." मंगला हसली आणि ओढलंच. बायजा बांधीच्या कडेच्या टणक धुऱ्यावर पाठीवर आदळली. तेव्हापासून कमरेखाली तिचं काहीच हललं नाही. घटकाभराची मस्ती, अन् बाईचा जन्म खाटेला खिळला!

बायजाच्या पोरानं, पिंटूनं, नुकसानभरपाईचा दावा लावला. मंगलाबाई रडत भाच्याकडे गेली. धर्मेंद्र पवनीला वकिली करतो.

"मले तिले पाडाचं नोहतं रे बाबू."

"आत्या, ते कोर्ट विचारत नाई. हात तू धरला, जाणून धरला, ओढलं, अन् त्यानंच तिले लागलं. एवढं पुरते. आता एकच वाट आहे. ती खेळात उतरली होती, म्हणजे तिची मर्जी होती. ती नाई म्हटली, हे आणखी कोणी आयकलं?"

"नाई. बाकीच्या ओरडून राहिल्या होत्या."

"मंग तुलेही आयकू नाई आलं. बस."

बस म्हणे! भाचा मायेनंच बोलला होता.

पिंटू आणि त्याची बायको कामावर गेले की मंगलाबाई मागच्या दारानं रोज बायजाकडे जायची. कूस बदलून द्यायची, पाठ पुसायची, वेणी घालायची. बायजानं त्या दिवसाचा विषय कधी काढला नव्हता. कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी मात्र फणी फिरत असताना ती म्हणाली, "एक इचारू? सून म्हणते, तुमीच खेळाले गेल्या होत्या, आता भोगा. गावही तेच म्हणते. पिंटू दावा लढते, पन मी नाई म्हटलं होतं, हे त्यालेही पटत नाई. आता मलेच वाटाले लागलं, मी नाई म्हटलंच नसन. तुले आयकू आलं होतं का?"

मंगलाबाईचा हात थांबला. ऐकू आलं नाही म्हटलं असतं तर बायजानं तेही मानलं असतं, इतका तिचा जीव होता मंगलावर.

"आयकू आलं होतं," मंगलाबाई म्हणाली. "साफ आयकू आलं होतं. मले वाटलं, नेहमीसारखे नखरे करून राहिली. उद्या कोर्टातही हेच सांगतो मी."

बायजानं डोळे मिटले. "म्हटलं होतं मी," ती पुटपुटली. "म्हटलं होतं वं माय." आणि महिनोन् महिने अडवून धरलेलं रडू एकदम फुटलं. मंगलाबाईही रडली. दोघींपैकी कोणी कोणाचे डोळे पुसले नाहीत.

बऱ्याच वेळानं मंगलाबाईनं फणी उचलली. वेणी अर्धीच झाली होती. रोज ती न विचारताच केसांना हात घालायची. आज विचारलं, "घालू का?"

"नोको," बायजा म्हणाली.

मंगलाबाईनं हात मागे घेतला. फणी उशीजवळ ठेवली आणि ती मागच्या दारानं निघून गेली.