कोपऱ्यातला फेस

पावती
वस्तू: मासा, एक नग. फायटर. रंग निळा, कडांना जांभळा.
तक्रार: हलत नाही.
कधीपासून: काल. (खरं म्हणजे परवा.)
घरी काय लावलं:

शेवटची ओळ लाँड्रीवालीने कोरी सोडली आणि पेन कानामागे खोचलं.

पावती लिहायचं कारण सवय. गेली एकवीस वर्षं तिच्या काउंटरवर कोणताही कपडा आला की ती आधी हात लावत नाही, आधी विचारते. डाग कसला? कधीचा? घरी काय लावलं? पहिल्या दोन प्रश्नांना माणसं खरं उत्तर देतात. तिसऱ्याला मात्र सगळी हरिश्चंद्राची अवलाद एकाच सुरात म्हणते, "काही नाही हो, जसा होता तसा आणलाय." आणि कपडा नाकाशी नेला की लिंबू, मीठ, टूथपेस्ट, शेजारणीचा सल्ला, सगळं एकदम बोलायला लागतं. कपडे डागाने खराब होत नाहीत, उपायांनी होतात, हे तिचं ठाम मत.

आता काउंटरवर कपड्यांऐवजी काचेची टाकी होती. तळाच्या खड्यांवर मासा आडवा. पर मिटलेले. एरवी ते पर असे पसरायचे की तिला वाटायचं, हे कापड मशीनमध्ये नाही टाकायचं, हातानेच धुवायचं. आता तेच पर इस्त्रीआधीच्या ढिगातल्या रुमालासारखे चुरगळलेले.

"ऊठ की रे साहेबा," ती काचेला नाक लावून म्हणाली.

साहेबाने एक डोळा फिरवला. तेवढंच.

साहेब कुणाचा

साहेब तिचा नव्हे, नणंदेचा. नणंद दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. गेल्या रविवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला. तो बुडबुडा आतला सुटलेला पडदा जागेवर दाबून धरणार, त्यासाठी बाईंनी दहा दिवस पालथं झोपायचं. जेवण पालथं, रेडिओ पालथा, भांडणही पालथं. म्हणून भावाने बहिणीला लाँड्रीच्या वरच्या खोलीत आणलं, आणि बहिणीबरोबर टाकी आली. खोलीत जागा नाही, म्हणून टाकी खाली काउंटरवर.

"सांभाळशील ना?" नणंदेने तोंडासाठी खाच असलेल्या, पलंगाच्या कडेबाहेर आलेल्या उशीतून विचारलं होतं. "तुझ्याकडे निवडुंगसुद्धा मेला होता."

"वन्सं, तो धुळीने भरला होता. मी पुसायचे फक्त."

"रोज. ओल्या फडक्याने. निवडुंगाला."

नणंद भावजयीला पाण्यात पाहते असं नातेवाईक म्हणत. ते काही खरं नव्हतं. तिला फक्त भावजयीच्या हातात काही जिवंत द्यायची भीती वाटायची. लाँड्रीवालीला हे ठाऊक होतं, आणि तेच सलत होतं. साहेब गेला तर वन्सं काय म्हणतील? काहीच नाही. ते काहीच-नाही पुढची वीस वर्षं पुरलं असतं.

नवऱ्याने आपली बाजू आधीच स्पष्ट केली होती. धुतलेले कपडे पोचवायला निघताना तो म्हणाला, "मासा मेला तर मला फोन करू नकोस. मी तिकडूनच परदेशात जाईन."

वरच्या मजल्यावर, रोज सकाळी

"साहेब कसाय?"

"मजेत."

"खातो?"

"ताटसुद्धा चाटतो."

खालच्या मजल्यावर, तेव्हाच

दाणे तळाशी पडून फुगलेले. काल टाकलेले. त्यावर आज टाकलेले.

निरीक्षणं
(न नेलेल्या कपड्यांच्या वहीच्या मागच्या पानांवर)

वर येतो. तोंड पाण्याबाहेर काढून हवेचा घोट घेतो. म्हणजे हा पाण्यातला प्राणी हवा खातो? मग कल्ले कशाला?

वर यायला आता त्याला जोर लागतो. शिडी चढल्यासारखा येतो. मध्ये झाडाच्या पानावर टेकतो.

पान खरं नाही, कापडी आहे. पॉलिस्टर. त्याला फरक पडत नसावा.

मी कोट इस्त्री केला तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. मी सरकले तर त्याचा डोळा सरकला. मला ओळखतो का? मला ओळखत असेल तर मी त्याला कोण वाटते?

हे शेवटचं वाक्य तिने खोडलं. मग पुन्हा लिहिलं. मासा इतका वेळ बघण्यासारखा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला ती वन्संच्या धाकाने बघत होती. आता धाक कधी संपतो आणि कुतूहल कधी सुरू होतं ते कळत नव्हतं. गिऱ्हाईक येऊन खाकरलं की ती दचकायची.

प्रश्न तिसरा

सहाव्या दिवशी तिने दुपारी शटर अर्धं खाली ओढलं, टाकीतलं पाणी बाटलीत भरलं आणि चौकापलीकडच्या दुकानात गेली. तिथला म्हातारा पाळायचे मासे विकतो. लोक त्याला मासेवाला म्हणतात, आणि नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, साफ करून देता का.

"फायटर आहे," ती म्हणाली. "नुसता पडून असतो."

"किती दिवस झाले?"

"तीन-चार."

"काय काय केलंत?"

"काही नाही हो," ती म्हणाली, "जसा होता तसाच आहे."

बोलल्या बोलल्या तिचे कान गरम झाले. हा सूर तिच्या ओळखीचा होता. फक्त तो काउंटरच्या पलीकडच्या बाजूने यायचा.

म्हाताऱ्याने बारीक नळीत तिच्या बाटलीतलं पाणी घेतलं, त्यात एका कुपीतले थेंब टाकले, मग दुसऱ्या कुपीतले, आणि नळी हलवून खिडकीशी धरली. बाजूला रंगांच्या चौकोनांचं कार्ड. दोघं बघत राहिली. पाणी पिवळं झालं. मग पोपटी. मग पानासारखं हिरवं.

"पिवळं राहिलं असतं तर ठीक," तो म्हणाला. "हा अमोनिया."

"अमोनिया तर माझ्या कपाटात आहे. घामाच्या डागांना लावते." ती थबकली. त्या बाटलीचं बूच काढताना ती दरवेळी मान वळवते, तरी डोळ्यांतून पाणी येतं. "हा त्यात राहतोय?"

"त्याचीच शी-शू, न खाल्लेले दाणे, त्यातून होतो. मुरलेल्या टाकीत तो टिकत नाही. पाणी गाळणाऱ्या स्पंजात, खड्यांवर बारीक जंतू असतात, ते खाऊन टाकतात. तुमच्या टाकीत ते नाहीत." त्याने नळी खाली ठेवली. "म्हणजे बाई, कुणीतरी टाकी धुतली आहे. आणि चांगली धुतली आहे."

तिने पदर सारखा केला. चोर रंगेहाथ सापडला की निदान पळण्याचे तरी कष्ट वाचतात.

"मीच," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. माशाला मगमध्ये ठेवलं. खडे उकळत्या पाण्यात घातले. स्पंज चिकट होता, तो ब्लीचमध्ये भिजवला, तीन पाण्यांतून काढला, वाफेवर वाळवला. पांढराशुभ्र निघाला."

"निघणारच."

"पण मी उगाच नाही हो धुतलं. पाण्यावर फेस होता. साबण राहिलाय असं वाटलं. आमच्या धंद्यात फेस उरला म्हणजे काम अर्धं. फेस जाईपर्यंत खळबळायचं, हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलंय."

म्हातारा खुर्चीतून पुढे झुकला. "फेस कुठे होता? कोपऱ्यात?"

"हो. कोटाच्या मोठ्या बटणाएवढा. पानाला चिकटून."

"तो त्याने बांधला होता."

"कोणी?"

"माशाने. घरटं ते. हवेचा घोट घेतो, तोंडात लाळेत गुंडाळतो आणि एकेक बुडबुडा वर सोडतो. पिल्लांसाठी."

"पण त्याला बायको कुठाय?"

"नसली तरी बांधतात. टाकी मानवली, तब्येत बरी असली, की बांधतात. कशासाठी ते त्यांनाच माहीत."

एकेक बुडबुडा. बटणाएवढं व्हायला किती लागले असतील? शंभर? पाचशे? आणि तिने बोटाच्या एका फटक्यात. करायला गेलो काय आणि झालं काय. तिला वाईट वाटलं, पण त्या वाइटाच्या पाठोपाठ प्रश्न येत राहिले: फुटला तर पुन्हा सोडतो का? त्याला मोजता येतं का? झोपतो कधी?

म्हाताऱ्याने उत्तरं दिली, काहींना "नाही माहीत" असंही दिलं. मग उपाय सांगितला. दोन दिवस दाणे बंद. रोज सकाळ-संध्याकाळ पावभाग पाणी बदलायचं, एकदम सगळं नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब, आणि पाणी टाकीइतकंच कोमट. टाकी थोडी रिकामी ठेवायची, म्हणजे हवा घ्यायला लांब यावं लागणार नाही. घरी पाणी तपासायला एक नळी, त्या कुप्या आणि रंगांचं कार्ड दिलं. आणि शेवटी आपल्या सगळ्यात जुन्या टाकीतून एक स्पंज काढून त्याने पिशवीत घातला. काळपट, बुळबुळीत, मुरलेला.

"हा लावा. आणि बाई..."

"हं?"

"धुवू नका."

रस्ताभर तिने पिशवी अशी धरली की कुणाला आतलं दिसू नये. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ती दुसऱ्याचा मळ मागून घरी नेत होती.

पावती (दुरुस्त)
घरी काय लावलं: सगळं.

वरच्या मजल्यावर, त्याच संध्याकाळी

"साहेब कसाय?"

"वन्सं, मजेत नाहीये."

आणि तिने सांगून टाकलं. खडे, स्पंज, ब्लीच, हिरवं पाणी, रोजचं खोटं. फेसाचं सर्वांत शेवटी सांगितलं, कारण तेच सर्वांत जड होतं. नणंदेचं तोंड उशीच्या खाचेत, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. फक्त मानेचा मागचा भाग.

शेवटी खाचेतून आवाज आला. "घरटं म्हणाला तो?"

"हो."

"लाळेचं?"

"हो."

"मी वर्षभर पुसतेय."

"काय?"

"दर रविवारी. टिश्यूने. मला वाटायचं, दाण्यांचं तेल आहे." उशी हलली. लाँड्रीवाली घाबरून पुढे झाली. डॉक्टरांनी धक्का बसू द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं. पण वन्सं हसत होत्या. "बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं गं मी. मेल्याने बांधायचं, मी पुसायचं. मेल्याने बांधायचं, मी पुसायचं."

"वन्सं, हसू नका, तुमचा बुडबुडा हलेल."

यावर त्या आणखीच हसल्या.

हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "वाचेल?"

"माहीत नाही," लाँड्रीवाली म्हणाली. सहा दिवसांतलं हे तिचं पहिलं शास्त्रीय उत्तर.

निरीक्षणं, पुढे

सातवा दिवस. पडून. दोनदा वर आला. नळीतलं पाणी अजून पोपटी.

आठवा. पानावर बसला. पर थोडे सुटले, अर्धी घडी मोडल्यासारखे. एक दाणा टाकला. बघितलं, खाल्ला नाही. काढून टाकला.

आठवा, दुपारी. मीच चिमट्यात धरून दाणा त्याच्यासमोर हलवला. खाल्ला!! मग थुंकला. मग पुन्हा खाल्ला.

नववा. पिवळं. नळी तीनदा खिडकीशी धरली. पिवळंच.

दहावा दिवस

नवऱ्याने आणि तिने मिळून कपड्यांची ट्रॉली जिन्यापर्यंत ओढली, तिथून टाकी उचलून एकेक पायरी चढवली. पाणी हिंदकळत होतं, नवरा कुरकुरत होता. "माणसांना कुणी असं उचलून नेत नाही," तो म्हणाला.

"तू आजारी पड," ती म्हणाली, "मग बघू."

टाकी त्यांनी पलंगाच्या डोक्याशी जमिनीवर ठेवली, नेमकी उशीच्या खाचेखाली. नणंदेच्या एका डोळ्यावर पट्टी होती, दुसरा चांगला होता. त्या दुसऱ्या डोळ्याने तिने सरळ खाली पाण्यात पाहिलं.

मासा कोपऱ्यात उभा होता. पर पूर्ण उघडे नव्हते. एकाची कड फाटलेली, ती भरून येईल की नाही कळत नव्हतं. जिन्याच्या धक्क्यांनी भेदरून तो बराच वेळ तिथेच राहिला. मग तो वर आला, हवेचा घोट घेतला, पानाखाली गेला, आणि तोंडातून काहीतरी सोडलं.

"काय गं ते?" नणंद कुजबुजली.

लाँड्रीवाली गुडघ्यांवर बसून वाकली. पानाच्या कडेला तीन बुडबुडे चिकटले होते. टाचणीच्या डोक्याएवढे. एक फुटला. दोन राहिले.

तिचा हात आपोआप खांद्यावरच्या फडक्याकडे गेला.

"हात," वन्सं वरून म्हणाल्या.

तिने हात मांडीखाली दाबून ठेवला. मासा पुन्हा वर आला.

"तीन," ती म्हणाली.