दहा वाजेपर्यंतची खुर्ची

मी एक खुर्ची बोलतेय. घडीची, शिकारीला न्यायची. उत्तर विस्कॉन्सिनमधल्या एका शेडमध्ये वर्षातले साडेअकरा महिने मी खिळ्याला उलटी टांगलेली असते. उरलेल्या पंधरा दिवसांत माझ्या जिवाला जो घोर लागतो, तोच सांगायला बसलेय. खुर्चीनंच बसलेय म्हणावं हे जरा विचित्र, पण असो.

मी स्वभावानंच घाबरट. कारखान्यात नळ्या वाकवून, पाठीला जाळी ताणून मला उभी केली, तेव्हापासून एकच धास्ती. कुणीतरी आपल्यावर भरवसा टाकणार आणि ऐन वेळी आपण दगा देणार.

दुकानात आम्ही आठ-दहा जणी ओळीनं मांडलेल्या होतो. लोक यायचे, धपकन बसायचे, “मस्त आहे” म्हणायचे आणि उठायचे. पाच मिनिटं बसायला दगडसुद्धा मऊच लागतो. खुर्चीची परीक्षा तिसऱ्या तासाला असते, आणि ती द्यायची वेळ येऊ नये अशीच माझी मनातून इच्छा होती.

ऑक्टोबरात रोंडा आली. शाळेची बस चालवणारी, पंचेचाळिशीची बाई. दिवसभर सीटवर बसून पाठ म्हणजे काय चीज असते ते तिला पुरतं कळलेलं. अंगात वडिलांचा शिकारीचा नारिंगी कोट, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. एकेका खुर्चीवर ती बसे, कोपऱ्यातला झाडू बंदुकीसारखा खांद्याला लावी आणि डावीकडे-उजवीकडे वळून बघे. हाताचा दांडा कोपराला अडला, ती खुर्ची बाद. पाय बारीक, दलदलीत रुततील, बाद. बैठक इतकी खोल की उठताना गुडघ्यांनी देव आठवावा, तीही बाद.

दुकानातला माणूस बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, “बाई, खुर्ची घ्यायचीय की झाडू?”

“झाडू बरा आहे तुमचा. निदान कमरेत ताठ तरी आहे,” रोंडा म्हणाली.

मग ती माझ्यावर बसली. मोबाइलवर पाऊण तासाचा गजर लावला आणि हलली नाही. बसल्या बसल्या तिनं काकाला फोन लावला.

“डेल्मरकाका, डॉक्टरांनी बाबांचं मचाणावर चढणं बंद केलंय. कमरेत सहा स्क्रू आहेत. गेल्या वर्षी त्या बादलीवर बसले आणि आठलाच परत आले, आठवतंय ना? आता म्हणतात, यंदा सकाळी दहापर्यंत बसता आलं नाही तर बंदूक तुझी, मी पुन्हा जंगलात येणार नाही. आणि बाबा बोलले म्हणजे करतात.”

गजर वाजला. तिनं कमरेमागे हात घालून माझ्या जाळीचा फुगवटा चाचपला आणि मला उचललं. एवढ्या जणींतून आपली निवड झाली, याचा मला आनंद व्हायला हवा होता.  पण त्या दिवसापासून ‘दहा’ हा आकडा माझ्या डोक्यातून गेला नाही.

हंगामाच्या आदल्या संध्याकाळी कँपावर, म्हणजे जंगलातल्या शिकारीच्या झोपडीवर, माझी आणि रोंडाच्या बाबांची, ऑर्विल कॉस्टकाची गाठ पडली. बहात्तर वर्षांचा, कागद कारखान्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. चाळीस वर्षं तो मचाणावरून, आणि कंबर गेल्यावर लोणच्याच्या रिकाम्या बादलीवर बसून शिकार करत आलेला. मला बघून त्याचा धाकटा भाऊ डेल्मर म्हणाला, “अरे वा, सिंहासन आलं. आता हरणांनी मुजरा करायला रांग लावायची का?”

 ऑर्विल मला ओसरीत नेऊन माझ्यावर हळूच टेकला. तोवर थंडी शून्याखाली अठरावर गेली होती. दुकानाच्या उबेत मी कधी तोंड उघडलं नव्हतं, पण त्या थंडीत माझ्या डाव्या मागच्या सांध्यातून लांबलचक ‘कुईईई’ निघाली. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“झालं,” डेल्मर म्हणाला. “घंटा वाजवून बोलावतोस होय हरणांना?”

“मी हलणार नाही,” ऑर्विल म्हणाला. “मग ती कशाला बोलेल?”

कँपाच्या भिंतीवर शर्टांचे तुकडे ठोकलेले होते. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव-साल घालायचं आणि भिंतीवर ठोकायचं, ही तिथली रीत. ऑर्विलचा शेवटचा तुकडा पाच वर्षांपूर्वीचा होता. त्यानंतर त्याला हरीण मिळालं नव्हतं, आणि त्याचा नेमही चुकला नव्हता. गोळी झाडण्याइतका वेळ तो बसूच शकला नव्हता. त्या रात्री जेवताना तो सारखा भिंतीकडे बघत होता.

पहाटे ऑर्विल बूट चढवत असताना डेल्मर गुपचूप माझ्यापाशी आला. तव्यात नाश्त्याच्या बेकनची चरबी होती. ती त्यानं अंगठ्यानं माझ्या सांध्यात चोपडली. डब्यातलं तेल लावलं तर यंत्राचा वास येईल, हरणं बिचकतील. चरबीचं काय, ती तर सगळ्या कँपाच्या अंगाला लागलेलीच असते, असा त्याचा हिशोब. भावावर माया होती, ती अशी चोरून बाहेर पडली. माझा आवाजही बंद झाला.

दलदलीच्या काठाला, बर्चच्या झाडांच्या आडोशाला ऑर्विल बसला. उजाडलं. सात वाजले. त्याच्या कमरेतून कळ निघाली की ती मला आधी कळायची, कारण त्याची पाठ माझ्या जाळीत हळूच रुतायची. मी जीव खाऊन तिला धरून ठेवत होते. आठ वाजले. गेल्या वर्षी तो इथेच उठला होता. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर गेले. मला वाटलं, संपलं सगळं. पण त्यानं फक्त गुडघे चोळले आणि पुन्हा मागे टेकला.

नऊनंतर माझ्या पायाशी काहीतरी वळवळलं. एक वीझल. मुंगसाचं पिल्लू वाटावं एवढं, थंडीत पांढरंशुभ्र होणारं जनावर. त्याला बेकनचा वास लागला होता. माझा पाय कवटाळून ते सांधा चाटायला लागलं. ऑर्विलनं मान न हलवता खाली पाहिलं. पोटातलं हसू दाबताना तो इतका हादरत होता की मीही हलत होते. आणि माझा जीव टांगणीला, कारण चरबी चाटूनपुसून साफ होत होती.

दहाला पाच कमी असताना हरणाचा नर आला. भरदार शिंगांचा, डावीकडून. ऑर्विलला वळावं लागणार होतं. मी श्वास रोखला, जो मला नाही. तो अलगद वळला, आणि मी बोलले.

‘कुई.’

नरानं मान वर केली. गोळी सुटली. वीझल पळालं, नर पळाला, आणि मी तिथेच मातीत गडप व्हावं असं मला वाटलं.

गोळी सुटल्यावर लगेच उठायचं नाही, जनावर जखमी असेल तर त्याला पळायला लावायचं नाही, हा शिकाऱ्याचा नियम. ऑर्विल बसून राहिला. मग उठून बर्फ तपासला. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. गोळी एका खोडात रुतलेली. तो मला खांद्यावर टाकून परत निघाला.

डेल्मर दारातच होता. “आवाज ऐकला. कुठंय?”

“खोडाला लागली.”

“म्हणजे सिंहासनानं घात केला?”

“सिंहासनाला बेकन लावून आडोशात वीझल जेवायला बोलावलं होतं कुणीतरी,” ऑर्विल म्हणाला. “ते सगळं चाटून गेलं.”

डेल्मरचं तोंड बघण्यासारखं झालं. मग दोघं भाऊ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. रोंडा हसली नाही. ती कात्री घेऊन वडिलांच्या मागे उभी होती.

“गोळी किती वाजता झाडलीत?”

“दहाला पाच.”

“आणि उठलात कधी?”

“सव्वादहा असतील.”

तिची कात्री थांबली. दहा तर केव्हाच उलटले होते. नंतर तिनं शर्टाचं टोक जरा जास्तच मोठं कापलं. ऑर्विलनं त्यावर आपल्या हातानं नाव-साल घातलं. अर्धा तुकडा भिंतीवर गेला. उरलेल्याची लांब चिंधी करून त्यानं माझ्या सांध्यात घट्ट गुंडाळली, आणि थोपटून म्हणाला, “आता गप्प बसायचं. दहा वाजेपर्यंत.”

याला सहा हंगाम झाले. सहाही वर्षं तो बसला. हरीण दोनदा मिळालं.

काल शेडचं दार उघडलं. काठीचा आवाज आला, मागून रोंडाचा. मला खाली काढलं. ऑर्विलनं माझ्या पाठीवर हात दाबून बघितला आणि रोंडाला म्हणाला, “तू बस.”  मला देऊन टाकतोय हा, असं वाटलं. रोंडा बसली, डावीकडे वळली. चिंधी विरून गेलेली, थंडीही होती. मी कुरकुरले, चांगली मोठ्यानं.

“वाजते का गं?” कानामागे हात धरून त्यानं विचारलं. तो हातभर अंतरावर उभा होता.

रोंडानं त्याच्याकडे पाहिलं. “नाही बाबा. अगदी गप्प आहे.”

“मग झालं. उद्या दहापर्यंत,” असं म्हणून तो काठी टेकत घराकडे गेला.

 मग खिशातला चाकू काढून रोंडानं स्वतःच्या शर्टाचं मागचं टोक कापलं आणि माझ्या सांध्यात जोर लावून गुंडाळलं. त्या कँपात नेम न चुकता शर्ट कापणारी ती पहिलीच. उद्या डेल्मर विचारील, तेव्हा ती काय सांगणार आहे कुणास ठाऊक.

तुम्हीही कधी कुणासाठी खुर्ची निवडाल, तेव्हा पाऊण तास तरी बसून बघा. माझं म्हणाल, तर चिंधी घट्ट आहे आणि पाठ शाबूत आहे. ऑर्विल, हळू बस रे बाबा. मला अजून फार भीती वाटते.