‘सांगता येत नाही’चा रकाना

अकरा वर्षं मी दारोदार फिरून लोकांना प्रश्न विचारले. साबण कुठला वापरता, घरात माणसं किती, मत कुणाला देणार. कुणी तोंडावर दार आपटलं, कुणी तासभर बसवून सुनेची गाऱ्हाणी सांगितली. मला राग म्हणून कधी आला नाही. विचारायचं, खूण करायची, पुढच्या दाराची बेल वाजवायची. माझ्या नावाशी कुणाला घेणंदेणं नव्हतं. सगळ्यांसाठी मी ‘सर्व्हेवाल्या बाई’.

मागच्या वर्षीची पाहणी मात्र वेगळी होती. ‘विज्ञान, तंत्रज्ञान आणि हवामान बदल यांविषयी जनतेचा दृष्टिकोन.’ नाव वाचतानाच धाप लागावी असं. शहराच्या आपत्ती विभागानं ती करून घेतली होती, आणि ज्या संस्थेला काम दिलं तिथे माझी धाकटी बहीण आकडेवारी बघते. तिला आम्ही छोटी म्हणतो. चाळिशीला आली तरी छोटीच. आई लवकर गेली, त्यामुळे तिच्या वेण्या घालण्यापासून तिला कॉलेजात पोचवण्यापर्यंत सगळं मीच केलं. हुशार आहे, नेटकी आहे, आणि तिची चूक काढलेली तिला अजिबात खपत नाही.

प्रश्न चोवीस होते. टॅबवर प्रत्येकाखाली चार रकाने: पूर्ण विश्वास, थोडा विश्वास, विश्वास नाही, सांगता येत नाही. शेवटी शेरा लिहायला एक चौकट.

वरच्या भागात काम फटाफट झालं. एका निवृत्त गृहस्थांनी दार वीतभरच उघडलं.

“विज्ञान ना? पूर्ण विश्वास. सगळीकडे पूर्ण विश्वास टाका.”

“हवामान बदलतंय असं वाटतं का?”

“शंभर टक्के. फार गंभीर प्रश्न आहे. लवकर आटपा हो, एसीची हवा बाहेर चाललीय.”

मी खुणा केल्या. टॅबनं त्यांना ‘जागरूक नागरिक’ ठरवलं.

मग मी खालच्या वस्तीत गेले. ओढ्याकाठी एकाला एक लागून घरं, खाली कामाची खोली, वर राहायची. पहिल्याच दारात लेथवाले काका लोखंडाचा कीस झाडत होते.

“हवामानातला बदल माणसामुळे होतोय, असं तुम्हाला वाटतं का?” मी विचारलं.

“कुठल्या माणसामुळे?”

“म्हणजे... एकूणच माणसाच्या वागण्यामुळे.”

“ते कळलं हो. पण कुठल्या माणसाच्या? माझ्याकडे एक सायकल आहे. वर एकेकाच्या दारात तीन-तीन गाड्या. सगळ्यांना एकाच पोत्यात भरता होय? कुठला माणूस ते लिहा, मग हो म्हणतो.”

असा रकाना नव्हता. मी ‘सांगता येत नाही’वर बोट ठेवलं.

चार घरं सोडून शिवणवाली राहते. पायमशीन, कापडाचे तुकडे, भिंतीला लावलेली रिकामी लोखंडी खाट. ती मशीन चालवतच उत्तरं देत होती. सतराव्या प्रश्नाला पाय थांबला. प्रश्न असा: यंत्रणेकडून मिळणाऱ्या तांत्रिक पूर्वसूचनांवर तुमचा कितपत विश्वास आहे?

“पूर्वसूचना म्हणजे तो भोंगा ना?” तिनं खिडकीतून बोट दाखवलं. गल्लीच्या तोंडाशी उंच खांब, त्यावर करड्या रंगाचा कर्णा. “बसवला त्या दिवशी फोटो काढून गेले. पाणी वाढलं की वाजेल म्हणाले. गेल्या साली भर दुपारी अडीचला पाणी आलं, तेव्हा हूं नाही की चूं नाही. मी इथेच शिवत होते. सासूबाई त्या खाटेवर. त्यांची एक बाजू लुळी. पायाला गार लागलं तेव्हा मला कळलं.”

लेथवाल्या काकांनी आणि तिनं मिळून म्हातारीला शिडीवरून वर नेलं. तोवर ती कमरेपर्यंत भिजली होती. तिथून छातीत कफ झाला आणि बाराव्या दिवशी ती गेली.

“कागदावर न्यूमोनिया. पुरात किती मेले, तर शून्य. आता सांगा, बाई. माझा कितपत विश्वास लिहिणार?”

मग तिनं मला दाराची चौकट दाखवली. लाकडावर शिवणाच्या खडूनं रेघा मारून, त्यावर वॉर्निश फिरवून पक्क्या केलेल्या. प्रत्येक रेघेपाशी तारीख आणि इंच. लग्न होऊन आली त्या वर्षापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, दर वेळी पाणी चढलं की ती गळ्यातली टेप काढून मोजत आली होती.

“आधी झड लागायची, तीन-तीन दिवस. आता तेवढंच दोन तासांत ओततं. आणि वर बघाल तिथे फरशी घातलीय, मोकळी माती म्हणून ठेवली नाही. पाणी जिरणार कुठे? येतं मग आमच्याकडे.”

ती सातवीपर्यंत शिकलेली. मी सतराव्या प्रश्नाला ‘विश्वास नाही’ अशी खूण केली, कारण तेच तिचं उत्तर होतं. बाकीचं सगळं शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं. त्या वस्तीत मी एकशे बेचाळीस घरं केली. त्यातल्या अठ्ठ्याऐंशी घरांनी भोंग्याचं सांगितलं. अठ्ठ्याऐंशीही शेरे मी लिहिले. अंगठा दुखायला लागला, पण लिहिले.

दीड महिन्यानं वाण्याच्या दुकानात उभी होते. काउंटरवर पेपर पडला होता. ‘खालच्या वस्तीत विज्ञानाबद्दल घोर अज्ञान. सत्तर टक्के रहिवाशांना हवामान बदल कळतच नाही.’ खाली आपत्ती विभागाच्या संचालकांचं वाक्य: ‘अज्ञान हीच खरी आपत्ती आहे. आम्ही व्यापक जनजागृती मोहीम राबवू.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सामान तिथेच ठेवलं आणि तडक छोटीचं घर गाठलं.

ती ऑफिसला निघायच्या तयारीत होती. मी पेपर तिच्या पुढ्यात टाकला. “हे काय आहे?”

“छापलं वाटतं. बरं दिलंय की,” ती म्हणाली. “चहा टाकू?”

“चहा गेला खड्ड्यात. सत्तर टक्के कुठून आणलेस?”

“तुझ्याच टॅबमधून. ‘विश्वास नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ हे दोन्ही एकत्र केले, की गट होतो ‘अनभिज्ञ’. विभागानं दिलेला नमुनाच तसा आहे.”

“आणि मी लिहिलेले शेरे?”

“शेरे वगळले.”

“वगळले?”

“ताई, शेरे मोजता येत नाहीत. कुणी चार ओळी लिहितं, कुणी चाळीस. त्याचा तक्ता कसा करणार?”

“तक्ता राहू दे. तू वाचलेस का?”

ती पर्समध्ये किल्ली शोधायला लागली.

“छोटे, मी विचारतेय. वाचलेस का?”

“दोन हजार घरं होती, ताई! कुणाकुणाचं वाचू?”

“तिथला भोंगा वाजला नाही. एक बाई भिजून मेली. अठ्ठ्याऐंशी घरांनी तेच सांगितलं. ज्यांना भोंगा वाजला नाही हे माहीत आहे, ते तुझ्या तक्त्यात अनभिज्ञ. आणि जो दाराच्या फटीतून पूर्ण विश्वास, पूर्ण विश्वास म्हणत होता तो जागरूक!”

“तू भावनेच्या भरात बोलतेस. भोंगा चालू आहे. विभागाच्या वार्षिक अहवालात ‘कार्यान्वित’ असं स्वच्छ लिहिलंय.”

“तू ऐकलास?”

“मी तिथे राहते का?”

“मग कशावरून म्हणतेस?”

“लिहिलंय ना पण!”

“वा! मला वाटलं तू शिकलीस म्हणजे तपासून बघत असशील. चार यत्ता जास्त शिकून तू फक्त कुणाचं ऐकायचं ते बदललंस.”

तिचा चेहरा लाल झाला. “तुला घरोघर फिरून खुणा करायच्या असतात, ताई. त्याचा अर्थ लावणं तुझं काम नाही.”

हे वाक्य तिनं मला ऐकवलं. मला. निघताना दार इतक्या जोरात आपटलं, की शेजारीण बाहेर आली.

पुढचे पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. मला नंतर कळलं, की छोटी दुसऱ्याच दिवशी विभागाच्या ऑफिसात गेली होती. माझ्यासाठी नाही. मला खोटं पाडायला. भोंग्याची देखभालीची नोंदवही मागायची, ‘चालू’ असं लिहिलेलं पान झेरॉक्स करायचं आणि माझ्या तोंडावर फेकायचं, एवढाच तिचा बेत होता.

शनिवारी सकाळी दहाला जनजागृतीची गाडी खालच्या वस्तीत आली. ट्रकचा मंच केलेला, आणि तो उभा केला नेमका भोंग्याच्या खांबाखाली. मी मुद्दाम गेले होते. शिवणवालीच्या पायरीवर उभी राहिले. मंचावर संचालक, पांढराशुभ्र शर्ट, बुटांना चिखल लागू नये म्हणून फळीवरून चढलेले. बाजूच्या खुर्चीत संस्थेतर्फे छोटी, मांडीवर फाइल. मी तिच्याकडे बघितलं नाही.

एक मुलगी माइकवर ओरडत होती, “विज्ञान आपला मित्र आहे! म्हणा माझ्याबरोबर!” कुणी म्हटलं नाही. गल्लीत पत्रकं वाटली गेली. लेथवाल्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं. “पूर कसा येतो,” ते मोठ्यानं म्हणाले, “हे आम्हाला चित्रं काढून दाखवतायत.” लोक हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं.

संचालक बोलायला उठले. पाच मिनिटं अंधश्रद्धा, पाच मिनिटं मानसिकता. मग शिवणवाली पुढे झाली.

“साहेब, हा भोंगा वाजवून दाखवा.”

“मॅडम, आजचा विषय जनजागृतीचा आहे.”

“जागेच आहोत आम्ही. भोंगा वाजवा.”

“त्याची देखभाल वेगळ्या शाखेकडे असते. तुमची तक्रार लेखी द्या, मी पुढे पाठवीन.”

“कुठल्या शाखेकडे?” हा आवाज माझा होता. एवढा मोठा आवाज माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. “अठ्ठ्याऐंशी घरांची तक्रार मी स्वतः लिहून दिलीय. कुणाकडे पाठवलीत? सांगा!”

“या बाई कोण आहेत?” संचालकांनी मागे वळून विचारलं.

छोटी उठली. तिनं माइक उचलला तेव्हा मला वाटलं, आता ही माझी अब्रू काढणार.

“सर, वेगळी शाखा नाही,” ती म्हणाली. “देखभाल तुमच्याकडेच आहे.” तिनं फाइल उघडली. “ही नोंदवहीची प्रत. ‘खालची वस्ती, भोंगा, बॅटरी निकामी, त्वरित बदलावी.’ तारीख पुराच्या आधी अकरा महिने. त्याखाली शेरा, ‘पुढील वर्षी पाहू.’ सही तुमची आहे.”

काकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

“माइक बंद करा,” संचालक म्हणाले. माइक बंद झाला. छोटी बंद झाली नाही. “त्याच वर्षीच्या अहवालात तुम्ही ‘कार्यान्वित’ लिहिलंत! आणि मी ते खरं धरून या लोकांना अनभिज्ञ ठरवलं!” ती किंचाळत होती. माझी नेटकी बहीण, जिनं लहानपणी खेळतानाही कधी आरडाओरडा केला नव्हता.

मग जो गदारोळ झाला तो झाला. कुणी कुणाला हात लावला नाही, हे मी शपथेवर सांगते, कारण नंतर पेपरात ‘धक्काबुक्की’ छापून आलं. काकांनी लेथच्या खोलीतलं लाकडी बाक आणून ट्रकच्या पुढे ठेवलं आणि त्यावर बसले. त्यांच्या शेजारी बाकीचे बसले. शिवणवाली फळीच्या टोकाशी उभी राहिली.

“माझ्या सासूबाई पुरात गेल्या,” ती संचालकांना म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “ते लिहून द्या. आणि भोंग्याची तारीख लिहून द्या. मग जा.”

पाऊण तासानं त्यांनी पत्रकाच्याच मागे लिहून दिलं: दहा दिवसांत भोंगा दुरुस्त करण्यात येईल. सासूबाईंचं लिहून दिलं नाही. ते वैद्यकीय खात्याचं काम, म्हणाले. त्या वेळी शिवणवालीच्या डोळ्यांत जे दिसलं, ते बघून मीच नजर फिरवली.

नवव्या दिवशी भोंगा दुरुस्त झाला. चाचणी झाली, फोटो काढले गेले. छोटीला संस्थेनं काढून टाकलं. विभागाचा कागद परवानगीशिवाय जाहीर केला म्हणे. मला कुणी काढलं नाही, फक्त बोलावणं बंद केलं. अहवाल मात्र जसाच्या तसा आहे. सत्तर टक्के. तो दुरुस्त करा म्हणून आम्ही दोघींनी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर: नोंद घेतली आहे. परवा टीव्हीवर एक विद्वान तोच आकडा सांगून हळहळत होते, की आपल्या लोकांना विज्ञानाची किती ही नावड.

छोटी माझ्याकडे येते अधूनमधून. एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “ताई, मी वाचायला हवं होतं.”

“हवं होतं,” मी म्हटलं. पुढे ‘जाऊ दे’ म्हणायची पद्धत असते. मी म्हटलं नाही. तिनं ओट्यापाशी येऊन माझ्या हातातली सुरी घेतली आणि कांदा चिरायला लागली.