नवी पेठेतला मतांचा फळा

मी एक फळा बोलतोय. शाळेत जायचं म्हणूनच मी जन्माला आलो होतो, पण नशिबात रस्ता होता.

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात गुरुबसप्पांचं वह्या-पाट्यांचं दुकान आहे. मागं घर, पुढं दुकान. त्या दुकानाच्या दाराशेजारी मी टांगलेला असतो. ईरप्पा सुतारानं एकाहत्तर साली तीन फळ्या जोडून मला बनवलं. माळशिरसकडच्या एका शाळेची मागणी होती. पण नेईपर्यंत उन्हानं माझ्या दोन फळ्यांमध्ये फट पडली आणि हेडमास्तरांनी मला आल्या पावली परत पाठवलं. म्हणाले, "ह्या फटीत आमच्या पोरांचं अख्खं गणित पडंल."

ईरप्पा बिचारा तोंड पाडून उभा राहिला. गुरुबसप्पा हसले. "असू दे रे. फळ्याला काम पायजे ना? देतो की काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खडूच्या पेटीतला एक खडू घेतला आणि माझ्यावर ठळक अक्षरात लिहिलं: 'दुष्काळी कामावर बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळाली पाहिजे. हे माझे मत. — गुरुबसप्पा.'

तेव्हापासून रोज एक मत. दारूबंदी असावी का उठवावी, गिरणीतला संप बरोबर का चूक, मताचा हक्क एकवीसला का अठराला, हुंडा घेणाऱ्याच्या लग्नाला जेवायला जावं का नाही. त्यांचा एकच नियम होता: ज्याला पटणार नाही त्यानं खाली आपलं मत लिहावं, सही करावी, आणि दिवेलागणीपर्यंत कुणीही कुणाचं पुसायचं नाही. रिक्षावाला जोतीराम तर दिवसाआड भांडायला यायचा. त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसे, पण मुद्दा सोडत नसे.

समोरच्या पायरीवर सोजरबाई कोथिंबिरीची पाटी घेऊन बसायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. रोज सकाळी त्यांची हाक ठरलेली. "आण्णा, आज काय लिवलंय? वाचा की जरा मोठ्यानं." मग गुरुबसप्पा दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं वाचायचे. हा माणूस मला फार आवडायचा. अजूनही आवडतो. म्हणूनच पुढचं सांगताना जरा जड जातं.

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. आठ-दहा दिवसांनी एक पांढऱ्या कपड्यातला माणूस माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि जाताना म्हणाला, "शेठ, जरा बघून लिवत चला. दिवस बरे न्हाईत." गुरुबसप्पांनी माझ्यावर सुविचार लिहून पाहिला. अर्ध्यावरच खडू थांबला. त्यांनी तो पुसला आणि मला भिंतीवरून उतरवून आत नेलं. "खोटं लिवण्यापरीस कोरा बरा," एवढंच बोलले.

पावणेदोन वर्षं मी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून होतो. चुलीच्या धुरानं काळा झालो. मुळात काळाच, त्यामुळं बिघडलं काही नाही. पण तिथंच मला घरातली माणसं कळली.

गुरुबसप्पांची मुलगी हेमावती तेव्हा नववीत होती. शाळेतून आली की माझ्यासमोर बसून गणितं सोडवायची. उत्तर बरोबर आलं की स्वतःच स्वतःला माझ्या कोपऱ्यात शाबासकी लिहायची. तिची आई सुंदरम्मा भाकरी थापता थापता बघत राहायची. सुंदरम्मा कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीची. तिथल्या कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, बाराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली. मराठी बोलायला शिकली, पण मराठी अक्षरं कुणी शिकवली नाहीत.

एके दुपारी घरात कुणी नसताना तिनं पदराला हात पुसले, खडू उचलला आणि माझ्यावर कानडीत आपलं नाव लिहिलं. मध्ये मध्ये अक्षर आठवायला थांबत होती. अक्षरं मात्र गोल, टपोरी, ज्वारीच्या दाण्यासारखी. लिहून झाल्यावर कितीतरी वेळ बघत बसली. मग चाहूल लागताच तळहातानं पुसून टाकलं.

पुढं आणीबाणी उठली, निवडणुका झाल्या आणि मी परत भिंतीवर आलो. सोजरबाईंनी त्या दिवशी गुरुबसप्पांना कोथिंबिरीची जुडी फुकट दिली. पुन्हा मतं, पुन्हा जोतीरामची भांडणं.

अठ्ठ्याहत्तर साली मुलीच्या लग्नाचं वय पंधरावरून अठरा करणारा कायदा झाला. बोळात दोन तट पडले. जोतीराम म्हणाला, "सरकारला आमच्या पोरींची उठाठेव कशाला?" गुरुबसप्पांनी त्यावर मला काठोकाठ भरून टाकलं. शेवटी लिहिलं: 'मुलगी म्हणजे उरकून टाकायचे काम नव्हे. अठराही कमीच आहे. हे माझे मत.' ते त्यांनी उंबऱ्यावरून नेहमीपेक्षा मोठ्यानं वाचलं. दारामागं उभ्या असलेल्या सुंदरम्माला हेमावतीनं ते हळू आवाजात पुन्हा एकदा वाचून दाखवलं.

महिन्याभरानं मैंदर्गीहून चनमल्लप्पा आले. गुरुबसप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, तिथले धान्याचे आडते. त्यांच्या मुलासाठी हेमावतीला मागणी घालायला आले होते. मुलगा चांगला, घर चांगलं. चनमल्लप्पांची आई अंथरुणाला खिळलेली. तिला नातसून बघायची होती. हेमावतीला सतरावं नुकतंच लागलेलं, अकरावीची परीक्षा झालेली.

"कायदा अजून लागू व्हायचाय," चनमल्लप्पा दुकानात बसून म्हणाले. "त्याच्या आत उरकून टाकू. काय?"

मी भिंतीवर होतो. मला वाटलं, आता हे माझ्याकडं बोट दाखवतील. पण गुरुबसप्पा म्हणाले, "तुला न्हाई कसं म्हणू? दिला शब्द."

चनमल्लप्पा गेल्यावर आतून बोलणं ऐकू आलं. "अप्पा, मला बारावी करायचीय," हेमावती म्हणत होती. "तुमीच लिवलं व्हतं की."

"ते जगाचं झालं गं. हे घरातलं हाय. मी शब्द दिलाय."

"री, जरा ऐकता का माझं?" सुंदरम्मा म्हणाली. ती नवऱ्याला नेहमी तशीच कानडीत 'री' म्हणून हाक मारायची.

"तुला काय कळतंय त्यातलं!"

पंधरा दिवसांवर कुंकू लावायचा, म्हणजे लग्न पक्कं करायचा कार्यक्रम ठरला. त्या दिवसांत गुरुबसप्पा माझ्यावर पाण्याच्या नळांबद्दल लिहीत होते, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल लिहीत होते. लिहिताना त्यांचं लक्ष नसायचं. एकदा तर सही करायचीच विसरले.

कार्यक्रमाला चार दिवस राहिले असताना, सकाळी ते अंघोळीला गेले होते. सुंदरम्मा दुकानाच्या दारातून बाहेर आली. डोक्यावर पदर होता, हातात खडू होता. उघड्या रस्त्यावर ती माझ्यासमोर पहिल्यांदाच उभी राहिली. आधी मला ओल्या फडक्यानं नीट पुसून काढलं, आणि मग कानडीत लिहायला लागली. ह्या वेळी आठवायला कुठं थांबली नाही. सहा ओळी लिहिल्या, खाली नाव लिहिलं आणि आत निघून गेली.

लोक जमले. बोळात कानडी बोलणारे ढीगभर, पण वाचणारे थोडे; आणि जे वाचणारे होते ते वाचून एकमेकांकडं बघायला लागले. गुरुबसप्पा कपाळाला विभूती लावून बाहेर आले आणि जागीच थबकले.

सोजरबाईंना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी रोजच्यासारखी हाक दिली. "आण्णा, आज काय लिवलंय? अक्षर येगळं दिसतंय. वाचा की!"

गुरुबसप्पांनी फडक्याकडं हात नेला. जोतीराम पुढं झाला. "आण्णा, दिवेलागणीपतुर पुसायचं न्हाई. तुमचाच नियम हाय."

हात खाली आला. गुरुबसप्पा उंबऱ्यावर उभे राहिले. कानडीत एक ओळ वाचायची आणि तिचं मराठी सांगायचं, असं ते वाचू लागले.

"'दीड महिन्यामागं ह्या फळ्यावर लिहिलं होतं, मुलगी म्हणजे उरकून टाकायचं काम नव्हं. माझ्या मुलीनं ते मला वाचून दाखवलं. मला पटलं. माझं बाराव्या वर्षी उरकलं होतं, म्हणून जास्तच पटलं. आता माझ्या हेमाचं उरकायला निघालेत.'" पुढची ओळ वाचायला ते माझ्या अगदी जवळ आले. "'लिहिणाऱ्यालाच ते पटलं नव्हतं का? हे माझं मत. सुंदरम्मा.'"

सोजरबाई पाटीवरचं फडकं सारखं करत बसल्या होत्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "मग? पटलं व्हतं का न्हाई, आण्णा?"

गुरुबसप्पा आत जाऊन गल्ल्यावर बसले. दिवसभर गिऱ्हाइकं येत होती, माझ्याकडं बघत होती. त्यांनी एकालाही हटकलं नाही. दिवेलागणीला नियमाप्रमाणे मला पुसायला आले. फडकं हातात धरून त्या गोल अक्षरांकडं बघत राहिले. "सुंदरा," त्यांनी दारातूनच हाक मारली, "तुझं अक्षर इतकं चांगलं हाय, मला म्हाईतच न्हवतं गं."

आतून उत्तर आलं, "तुमी कवा इचारलं?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते मैंदर्गीला गेले. तिथं काय झालं ते मी पाहिलेलं नाही. संध्याकाळी परतले तेव्हा चेहरा उतरलेला होता. उंबऱ्यात बसून सुंदरम्माला म्हणाले, "म्हातारीच्या पाया पडलो. ती काय बोलली न्हाई. चन्ना मातर म्हणाला, पुन्यांदा माझ्या दारात येऊ नको. चाळीस वर्षांची दोस्ती, सुंदरा." आणि हा मतं मांडणारा मोठा माणूस पंच्यानं डोळे पुसू लागला. सुंदरम्मा त्यांच्याशेजारी जाऊन बसली. रस्त्यावरून दिसतंय याची तिनं फिकीर केली नाही.

तीन दिवस मी कोरा होतो. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं: 'माझे मत बरोबर होते. माझे वागणे चुकले. — गुरुबसप्पा.' सोजरबाईंची हाक यायच्या आधीच ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, तेही दोनदा.

आता एकोणऐंशी साल सरत आलंय. हेमावती बारावी पास होऊन कॉलेजात जाते. जाता-येता माझ्यावरच्या चुका सुधारते, जोतीरामच्या तर हमखास. सोमवारी माझा खालचा अर्धा भाग सुंदरम्माचा असतो. मागल्या महिन्यात सीमेच्या वादावर तिनं कानडीत लिहिलं, 'रेघ कुठंबी मारा, माझ्या माहेरची बस बंद करू नका.' त्यावर दोन दिवस दोन्ही बाजूंचे लोक भांडत होते आणि सुंदरम्मा दारात उभी राहून प्रत्येकाला तेवढ्याच ठामपणे उत्तर देत होती.

आणि गेल्या आठवड्यात चनमल्लप्पा आले. दुकानात पाऊल टाकलं नाही. रस्त्यावरूनच म्हणाले, "खडू दे." गुरुबसप्पांनी पेटीतला नवा खडू काढून दिला. चनमल्लप्पांनी दाबून दाबून लिहिलं, इतकं दाबून की खडूचे दोन तुकडे झाले: 'दिलेला शब्द मोडणे हे पाप आहे. आई नातसून न बघता गेली. हे माझे मत.' सही केली आणि खडूचे तुकडे उंबऱ्यावर ठेवून निघून गेले.

गुरुबसप्पांनी खाली उत्तर लिहिलं नाही. सोजरबाईंना ते मत त्यांनी अगदी सावकाश, एकही शब्द न गाळता वाचून दाखवलं. संध्याकाळी दिवे लागले तरी पुसलं नाही. सात दिवस झाले. जोतीरामनं नियमाची आठवण करून दिली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्येचं खरं हाय, अन् माझंबी."

माझ्या फळ्या आता सैल झाल्यात. पुढल्या पावसाळ्यात मी भिंतीवर असेन का नाही, सांगता येत नाही. तुम्ही ह्या बोळातून जाल तेव्हा एवढंच करा: माझ्यावरचं वाचा, पटलं नाही तर खाली लिहा, आणि घरी गेल्यावर आपल्या माणसांना विचारा, तुमचं मत काय? पण विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबा हं. काहींना बोलायची सवय नसते, त्यांना थोडा वेळ लागतो.